चिघळलेली जखम आणि लेसरचा उजेड



“पायाची जखम दोन महिने झाले भरत नाही. शहरातल्या दवाखान्यात लेसर घ्यायला सांगितलंय, गटातून कर्ज मिळेल का?” असा अर्ज उद्या तुमच्याही बैठकीत येऊ शकतो. कर्ज घेणारीला आणि ठरावावर सही करणारीला, दोघींनाही हे लेसर काय असतं ते माहीत हवं. म्हणून या महिन्याचा आरोग्य पाठ त्यावर.

लेसर म्हटलं की कापणं, जाळणं डोळ्यांपुढे येतं. मुतखडा फोडायला वापरतात तो लेसर ताकदीचा. जखमेवरचा लेसर अगदी सौम्य असतो, कातडी साधी गरमसुद्धा होत नाही. पेनासारखं यंत्र जखमेजवळ धरून लाल उजेड, किंवा डोळ्यांना न दिसणारा त्याच्या पलीकडचा उजेड, थोडा वेळ सोडतात. दुखत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, असं काही आठवडे चालतं. याला लो-लेव्हल लेसर थेरपी म्हणतात.

याचा शोध लागला तो योगायोगाने. 1967 च्या सुमारास हंगेरीत बुडापेस्ट शहरात डॉ. एंड्रे मेस्टर उंदरांवर प्रयोग करत होते. लेसरने कर्करोग होतो का, हे त्यांना बघायचं होतं. उंदरांच्या पाठीचे केस काढून त्यांनी लेसर दिला. कर्करोग झाला नाही, उलट लेसर दिलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले! पुढे त्यांनी न भरणाऱ्या जखमांवर तो वापरून पाहिला.

आपल्या शरीरातल्या पेशींमध्ये शक्ती तयार करणारी बारीक केंद्रं असतात. हा उजेड ती केंद्रं शोषून घेतात, पेशींचं काम वाढतं आणि नवं मांस धरायला मदत होते, असं शास्त्रज्ञ मानतात. पण मात्रा नेमकी लागते. पिकाला युरिया बेताने दिला तर पीक हिरवं होतं, जास्त पडला तर करपतं, तसंच हे.

मग गुण येतो का? कर्करोगाच्या उपचारात तोंड येतं, ते टाळायला या लेसरचा चांगला उपयोग होतो, हे बऱ्यापैकी सिद्ध झालंय. मधुमेहींच्या पायाच्या जखमांबद्दल 2017 साली कॉक्रेन या संस्थेने 8 प्रयोग एकत्र तपासले. त्यात मिळून माणसं होती फक्त 316. उजेडाने जखमा भरायला मदत होत असावी असं दिसलं, पण पुरावा कच्चा आहे असंही त्यांनी स्पष्ट लिहिलं. म्हणजे थोतांड नाही, पण हमखास इलाजही नाही. “शंभर टक्के गॅरंटी” असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा.

आता महत्त्वाचं. जखम भरत का नाही? बहुतेक वेळा साखर वाढलेली असते. पाय सुन्न झालेला असतो, त्यामुळे काटा रुतला तरी कळत नाही. पायाकडे रक्त कमी जातं. आणि बाई त्याच पायावर दिवसभर उभी असते, शेतात, चुलीपुढे, पाण्याच्या रांगेत. यातलं एकही कारण लेसर दूर करत नाही. साखर ताब्यात आणणं, मेलेलं मांस डॉक्टरांकडून काढणं, स्वच्छ ड्रेसिंग आणि जखमेवरचा भार काढणं, हे आधी. लेसर घेतला तर याच्या जोडीला, याच्याऐवजी कधीच नाही. भार काढायचा म्हणजे घरातल्या बाकीच्यांनी काम उचलायला हवं, आणि खरं सांगायचं तर ड्रेसिंगपेक्षा हेच अवघड जातं.

म्हणून पॅकेजचे पैसे भरण्याआधी विचारा: माझी तीन महिन्यांची साखर किती आहे? पायाचा रक्तपुरवठा तपासला का? एकूण सिटिंग किती, खर्च किती, आणि जखम दर आठवड्याला मोजणार का? चार आठवडे नीट उपचार करूनही जखम निम्मी झाली नसेल, तर पुढचा विचार करायलाच हवा. कर्करोगाची शंका असलेल्या जागी लेसर देत नाहीत. देताना रुग्ण आणि देणारी व्यक्ती, दोघांनीही चष्मा लावायचा.

आणि जखमेवर चुना, तंबाखू, राख नको. सुन्न पायाला गरम पाण्याचा शेकही नको, भाजलेलं कळत नाही. पाय काळा पडला, वास यायला लागला, सूज वर चढली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोठ्या उपचाराची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. कर्जाचा अर्ज त्यानंतर.

या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. साखर असलेल्या प्रत्येक मैत्रिणीला डोळे मिटून बसवा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना बोटाने हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबू नका, गुदगुल्याही नकोत. स्पर्श कळला की तिने सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर आशाताईंबरोबर तिला त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा, जखम असो वा नसो.