जुनी कोळशाची शेगडी आणि तिची गॅसची पेटवण



पाड्यांवरील महिला गटांसाठी आपण पाठवता त्या वस्तूंमध्ये शिलाई यंत्रं, सायकली, भांडी असतात. अलीकडे त्यात एक नवी वस्तू दिसू लागली आहे: हॉटेलातून किंवा फार्महाऊसवरून निघालेली मोठी ग्रिल शेगडी. या शेगडीत पदार्थ कोळशावरच भाजतात, पण कोळशाच्या जाळीखाली भोकं पाडलेली एक नळी असते. तिच्यात काही मिनिटं गॅस जळतो, कोळसा धरला की गॅस बंद करायचा. फुंकणी नको, रॉकेल नको, कागद नको. नवी असताना ही सोय छान असते. आठ-दहा वर्षं वापरून, दोन पावसाळे अंगणात काढून ती आपल्याकडे येते तेव्हा मात्र ती नीट तपासल्याशिवाय कोणाच्याही हाती देऊ नये. हा पाठ देणाऱ्यांसाठी आहे आणि घेणाऱ्यांसाठीही.

वेण्णा तलावाच्या काठी आणि पाचगणीच्या रस्त्यावर भाजलेल्या कणसांचा धंदा आपण पाहिलाच आहे. त्या धंद्यात भांडवल फार लागत नाही. कणसं, मीठ-लिंबू आणि भरवशाची शेगडी. शेगडी ऐन शनिवारी बंद पडली तर त्या आठवड्याची कमाई गेली. आणि गॅसचा भडका झाला तर हात, चेहरा, कधी जीवही जातो. म्हणून मी गटांना पहिली गोष्ट सांगते ती अशी: ही एक वस्तू नाही, दोन वस्तू आहेत. कोळशाची शेगडी एक, गॅसची पेटवण दुसरी. दोन्हींची तपासणी वेगळी करायची. शेगडी चांगली आणि पेटवण खराब असेल तर पेटवण काढून टाका, शेगडी उत्तम चालेल. उलट प्रकार असेल तर ती भंगारात द्या.

आधी गॅसची बाजू

तपासणी उघड्यावर करावी, कोळसा न घालता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, खाली साचतो: शेगडीच्या पोटात, ओट्याखाली, खड्ड्यात. हवेत शंभर भागांत दोन भाग गॅस मिसळला तरी ठिणगीने पेट घेण्याइतकं मिश्रण तयार होतं.

प्रथम रबरी नळी पाहा. आपल्याकडची केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिच्यावर साल छापलेलं असतं. साल वाचता येत नसेल तर नळी जुनी समजावी. वाकवून पाहा. बारीक चिरा दिसल्या, उंदराचे दात दिसले, एका टोकाला ती कडक झालेली असली, तर चिकटपट्टी गुंडाळत बसू नका, नवी आणा. या शेगड्यांत नळी बहुधा मागच्या तापणाऱ्या पत्र्याला टेकून जाते. दोष असतो तो नेमका तिथेच.

रेग्युलेटर उघडून दुरुस्त करू नये, ते घरी करायचं काम नव्हे. सांगलीकरांसाठी एक खास सूचना. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरात कृष्णेचं पाणी कितीतरी घरांत आणि दुकानांत शिरलं. तेव्हा बुडालेल्या वस्तू धुऊन-पुसून आजही विकल्या आणि दिल्या जातात. लोखंडी शेगडी धुऊन वापरता येते. पुरात बुडालेला रेग्युलेटर वापरू नये. आत बसलेला गाळ आणि गंज बाहेरून दिसत नाही.

परदेशातून आलेल्या शेगडीचा प्रश्न वेगळा. तिला बरेचदा आट्याने बसणारी लहान बाटली लागते, ती आपल्या गॅस एजन्सीकडे मिळत नाही. मग कोणीतरी हुशार कारागीर जोड तयार करून आपला सिलिंडर लावून देतो. असा जोड मला मान्य नाही. जेटचं भोक आणि गॅसचा दाब एकमेकांसाठी ठरवलेले असतात. दाब बदलला की ज्योत एकतर गुदमरते किंवा बाहेर झेपावते. अशा शेगडीची पेटवण सरळ काढून टाकावी.

नळी आणि रेग्युलेटर ठीक असतील तर साबणाच्या पाण्याची परीक्षा घ्या. शेगडीचे नॉब बंद, सिलिंडर उभा आणि चालू. वाटीत साबणाचा फेस करून ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. बुडबुडा फुगला तर गळती आहे. सिलिंडर बंद करा, जोड घट्ट करा, पुन्हा पाहा. काडी ओढून गळती शोधणारे लोक अजूनही भेटतात. त्यांना थांबवा.

आता पेटवून पाहा. झाकण पूर्ण उघडं ठेवायचं. झाकणाखाली गॅस कोंडला की पहिल्या ठिणगीला भडका उडतो. गॅस सोडल्यावर चार-पाच सेकंदांत ज्योत आली नाही तर नॉब बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. बटण पुन्हा पुन्हा दाबत राहणं हा या शेगडीचा सर्वांत वाईट वापर आहे.

ठिणगी पडत नसेल तर कारण बहुधा साधं असतं. काही बटणांच्या आत पेन्सिल सेल असतो. तो संपतो, किंवा पाझरून हिरवा गंज धरतो. सेल नसलेल्या बटणात तार निसटलेली असते, किंवा टोकाजवळची पांढरी चिनी मातीची नळी तडकलेली असते. तशी तडकली की ठिणगी टोकापर्यंत न जाता मध्येच पत्र्यावर उडते. संध्याकाळी अंधारात, गॅस बंद ठेवून बटण दाबा. ठिणगी कुठे पडते ते लगेच दिसेल. टोकावरची काजळी बारीक पॉलिश पेपरने पुसा. टोक आणि बर्नर यांत चार-पाच मिलिमीटर अंतर असावं. एवढं करूनही जमलं नाही तर सोडून द्या. लांब दांड्याचा स्वयंपाकघरातला लायटर तेच काम करतो. मात्र आधी लायटर धरायचा, मग गॅस सोडायचा.

ठिणगी आहे पण ज्योत नाही, किंवा नळीच्या अर्ध्याच भागात ज्योत आहे, असं असेल तर नळी तुंबली आहे. महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिकडे उघड्यावर राहिलेल्या बर्नरची भोकं गंजाने बंद होतात. माण-खटावच्या कोरड्या भागात पाऊस नसतो, पण कुंभारमाशी नळीत मातीचं घर बांधते आणि कोळी जाळं विणतो. बर्नर सोडवून तारेच्या ब्रशने बाहेरून घासा, आतून सायकलच्या स्पोकला फडकं गुंडाळून फिरवा, आपटून झाडा, वाळू द्या. बर्नरच्या भोकांत तार घातली तर चालते. पितळी जेटच्या भोकात मात्र तार किंवा सुई कधीही घालू नका. ते केसभर जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो. जेट फुंकून आणि मऊ ब्रशने साफ होतो, नाहीतर तोच आकार मागून नवा घ्यावा.

ज्योत निळी हवी. पिवळी आणि काजळी धरणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे. नळीच्या तोंडाशी हवेची झडप असते, ती थोडी उघडा. नळीला गंजून मोठं भोक पडलं असेल तर वेल्डिंग करून उपयोग नाही, ज्योत तिथूनच फाटेल.

सिलिंडरबद्दल एक गोष्ट गटांना स्पष्ट सांगावी लागते. घरगुती सिलिंडर गाड्यावर वापरणं नियमाविरुद्ध आहे. पाच किलोचा लहान सिलिंडर एजन्सीतून आणि काही पेट्रोल पंपांवर मिळतो. पेटवणीला रोज दहा मिनिटं गॅस लागतो, तेव्हा तो बराच पुरतो. कोळसा धरला की नॉब नव्हे, आधी सिलिंडर बंद करा, आणि तो शेगडीपासून दूर न्या. गॅस दहा मिनिटं जळतो, पण कोळसा चार तास तापतो, आणि सगळी उष्णता त्याच नळीशेजारी असते.

आता कोळशाची बाजू

इथे शिकवायला मी कमी पडते, कारण कातकरी बायकांना कोळशाची समज आपल्यापेक्षा जास्त आहे. कात काढणारे ते कातकरी. खैराचं जंगल गेलं, तेव्हा कित्येक कुटुंबं कोळशाच्या भट्ट्यांवर गेली. दिवाळीनंतर उचल घेऊन बिऱ्हाडासह निघायचं, माती थापलेल्या ढिगाऱ्यात लाकूड दिवसेंदिवस धुमसत ठेवायचं, आणि हंगाम संपताना हिशेब केला की उचल फिटलेली नसायची. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, तरी उचलीचा फास ढिला व्हायला फार काळ लागला. अशी बाई कोळशाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून सांगते. खणखणीत आवाज आला तर कोळसा पक्का. बद्द आवाज आला तर तो ओला किंवा कच्चा, धूर करणार.

म्हणून शेगडी नीट पेटत नाही अशी तक्रार आली की पहिला संशय कोळशावर नको, हवेवर घ्यावा. तळाच्या झडपा गंजून अडकतात, राखेचा ट्रे काठोकाठ भरतो, आणि खालून हवा येत नाही. राख रोज काढा. राखेत क्षार असतो. पावसाचं पाणी पडलं की ती ओली राखच तळाचा पत्रा खाते. तळाला भोक असेल तर साध्या काळ्या लोखंडी पत्र्याचा तुकडा नट-बोल्टने बसवा. जस्ती पत्रा नको. जास्त तापला की त्याचा विषारी धूर होतो. आतून रंगही लावू नये.

बिडाची जाळी तडकली तर वेल्डिंगवाला बहुधा नको म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. 1910 पासून किर्लोस्करवाडीत ओतकाम पाहत आलेल्या या भागात बिडाची जाळी ओतून मिळणं कठीण नाही. नाहीतर जाड सळ्यांची जाळी फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावी. तापलेल्या बिडावर पाणी ओतू नका, ते तडकतं.

लाकडाऐवजी उसाच्या पाचटाचा कोळसा वापरता येतो का, असं विचारलं जातं. येतो. पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पाचट बंद डब्यांत तापवून त्याचा कोळसा करण्याची आणि भुकटीला खळ लावून कांड्या पाडण्याची पद्धत बसवली. तिला 2002 मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. सातारा-सांगलीत पाचटाला तोटा नाही, शेतकरी ते बांधावर जाळूनच टाकतात. पण या कांड्यांची राख लाकडी कोळशापेक्षा जास्त पडते, त्यामुळे ट्रे दिवसातून दोनदा झाडावा लागतो.

पेटवण काढून टाकलेल्या शेगडीसाठी तेलाचा रिकामा डबा पुरे. दोन्ही बाजू कापा, तळाजवळ भोकं पाडा, आत मध्यावर तारेची जाळी बसवा. खाली कागद, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत निखारे तयार. बर्नर काढल्यावर पत्र्याला उरलेलं भोक बोल्ट आणि वॉशरने बंद करायचं.

एक धोका गॅसचा नाही, निखाऱ्यांचा आहे, आणि थंडीत तोच मोठा असतो. धंदा आटोपला की उरलेले निखारे उबेसाठी झोपडीत नेण्याचा मोह होतो. जावळी-महाबळेश्वरच्या डिसेंबरात तो कोणालाही होईल. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूरही दिसत नाही. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, आणि झोपलेलं माणूस उठत नाही. राखेने झाकलेला विस्तवही हा वायू सोडतो. शेगडी रात्री बाहेरच राहिली पाहिजे, झडपा आणि झाकण बंद करून.

शेगडी पाठवण्याआधी आपण वरील तपासणी करावी आणि तिला एक चिठ्ठी बांधावी: नळी कोणत्या सालची, पुरात बुडाली होती का, पेटवण चालू आहे की काढली आहे, कोणता सिलिंडर लागतो. माहीत नसेल तर तसं लिहा. आम्ही पेटवण काढूनच ती गटाकडे देऊ.