पाण्याचा ताळेबंद

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे अल्प पर्जन्याचे गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर येथील कित्येक कुटुंबे पोटासाठी गाव सोडून गेली. पुढे १९९० नंतर सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी डोंगरउतारावर चर खोदून पाणी अडविले.

आता पावसाळा सरला, की तेथे ग्रामसभा भरते. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आहे, याचा हिशेब सर्वांसमोर मांडतात. आधी माणसांचे व गुराढोरांचे पिण्याचे पाणी राखून ठेवावयाचे. उरेल त्यावर रब्बीची पिके ठरवावयाची. पाऊस कमी झाला असेल, तर गव्हाचे क्षेत्र घटते. ज्याची विहीर तुडुंब आहे, त्यालाही हा निर्णय पाळावा लागतो. आणि हे काही सोपे नव्हे! उसाला तर तेथे मज्जावच आहे.