मौन म्हणजे अज्ञान नव्हे : कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या वर्गसंवादाचे मूल्यमापन

शिक्षकाने ‘समजले का?’ असे विचारले की कमी ऐकू येणारे मूल बहुधा मान डोलावते. इतरांनी डोलावली म्हणून तेही डोलावते. त्यात आकलन असतेच असे नाही. पुढे गुण घसरतात, प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो आणि अशा शेऱ्यांच्या ओझ्याने शाळाच सुटते. म्हणून या विद्यार्थ्यांचे संवादकौशल्य कसे तपासावे, याचा विचार आम्ही येथे पालक, माजी विद्यार्थी व समाजबांधवांपुढे मांडीत आहोत.

या प्रश्नाला इतिहास आहे. १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणांच्या भाषेपेक्षा वाणी श्रेष्ठ ठरवली. त्यानंतर अनेक देशांच्या शाळांतून खुणांना बंदी झाली व बोलता येणे हीच बुद्धीची कसोटी बनली. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० सालची व्हँकुव्हर परिषद उजाडावी लागली. ज्याची भाषा नाकारली जाते त्याची बुद्धीही नाकारली जाते, हे आपल्या समाजास निराळे सांगावयास नको; बाबासाहेबांनी १९२० साली सुरू केलेल्या पाक्षिकाचे नावच ‘मूकनायक’ होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असल्यास व्यक्ती बधिर आणि ६० ते ७० डेसिबल असल्यास कमी ऐकू येणारी मानली जाते. ४० डेसिबल ऱ्हास असलेले किंवा एकाच कानाने ऐकणारे मूल या व्याख्येत बसत नाही. वर्गात मात्र ते आपल्यासमोरच बसलेले असते. त्याला ओळखण्याचे काम शिक्षकाचेच.

पहिली पायरी ऐकण्याची. डॅनियल लिंग यांची सहा ध्वनींची चाचणी रोज सकाळी घेता येते : म्, ऊ, आ, ई, श्, स्. ओठ कागदाने झाकून, नेहमीच्या आवाजात, क्रम बदलत ध्वनी उच्चारावा. मुलाने तो परत म्हणावा किंवा हात वर करावा. बोलण्यातील खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे ध्वनी यात येतात. काल ऐकू आलेला ‘स्’ आज येत नसेल, तर आधी श्रवणयंत्राची बॅटरी पाहावी. ही चाचणी वैद्यकीय तपासणीची जागा घेत नाही. शंका आल्यास, किंवा कान वाहत असल्यास, पलूस परिसरातील पालकांनी मुलाला सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात न्यावे.

दुसरी पायरी पाहण्याची. ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ हे शब्द ओठांवर सारखेच दिसतात. श्रुतलेखनात ‘बाळ’ऐवजी ‘माळ’ लिहिणारे मूल शुद्धलेखनात कच्चे आहे, असे एवढ्यावरून ठरत नाही. फळ्याकडे तोंड करून बोलणारा शिक्षक तर ओठांचा आधारही काढून घेतो.

तिसरी पायरी संवादाची. एकच सूचना शांत वर्गात आणि नंतर पत्र्यावर पाऊस वाजत असताना देऊन पाहावी. गटचर्चेत कोण बोलत आहे हे मुलाला कळते का, आपली पाळी ते साधते का, न समजल्यास पुन्हा विचारते का, गोष्ट सांगताना शब्द, खूण, चित्र यांपैकी कशाचा आश्रय घेते, याची तारीखवार नोंद ठेवावी. निवासी शाळेत ही नोंद भोजनगृहात व मैदानावरही घेता येते. ‘पुन्हा सांगा’ असे धीटपणे म्हणणे हे आम्ही सर्वांत मोलाचे कौशल्य मानतो. तेथे उणे गुण नव्हे, शाबासकी द्यावी.

चौथी गोष्ट गुणदानाची. आकलन आणि उच्चार यांचे रकाने वेगळे असावेत. पाण्याचे चक्र चित्राने किंवा खुणांनी बिनचूक दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला विज्ञानाचे पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही भारतीय सांकेतिक भाषेच्या देशव्यापी प्रमाणीकरणाचा पुरस्कार केला आहे.

‘समजले का?’ या प्रश्नाऐवजी ‘काय समजले ते सांग, लिही किंवा दाखव’ असे म्हणण्यास खर्च येत नाही. शाळेत आणि घरीही ही सवय लागली, तर आज लक्ष न देणारी म्हणून मागे पडलेली कित्येक मुले उत्तर देऊ लागतील.