परकीय साहाय्याचे आकडे आणि आलेख : भोपाळच्या दोन उदाहरणांवरून एक पाठ

शासकीय योजनांना लाभलेल्या परकीय साहाय्याची माहिती जनतेपुढे मांडणे हे प्रसिद्धीच्या कामाचे एक नित्याचे अंग होय. आकड्यांचा तक्ता सामान्य वाचक सहसा वाचीत नाही. चित्र मात्र पाहतो आणि पाहिलेले ध्यानात ठेवतो. म्हणूनच चित्रातील चूक तक्त्यातील चुकीपेक्षा अधिक काळ टिकते.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एका प्रदर्शनासाठी दोन योजनांचे साहाय्य नाण्यांच्या आकृतींनी दर्शविले होते. एकीची रक्कम दुसरीच्या दुप्पट, म्हणून नाण्याचा व्यास दुप्पट काढला. एका वृद्ध शेतकऱ्याने फलकासमोर उभे राहून विचारले, "साहेब, ही रक्कम चौपट आहे का हो?" त्याची नजर अचूक होती. व्यास दुप्पट केला की वर्तुळाचे क्षेत्रफळ चौपट होते. त्याचा दुसरा प्रश्न याहून अवघड होता : "आणि हे पैसे परत करायचे की नाही?" फलकावर त्याचे उत्तर नव्हते. या दोन प्रश्नांतूनच पुढील विवेचन सुचले आहे.

१. कोणती रक्कम?

भोपाळचा मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोज याने बांधविला, अशी परंपरा आहे. हा तलाव व त्याखालील छोटा तलाव यांच्या संरक्षणासाठी १९९५ मध्ये जपानकडून ७०५.५ कोटी येनचे कर्ज मंजूर झाले. भोज पाणथळ प्रकल्प या नावाने हे काम २००४ पर्यंत चालले. त्याचा एकूण खर्च सुमारे २४७ कोटी रुपये सांगितला जातो. दरम्यान २००२ मध्ये या पाणथळ क्षेत्राचा समावेश रामसर यादीत झाला.

या एकाच साहाय्याची चार चित्रे काढता येतात. कराराची रक्कम एकाच वर्षी उंच स्तंभासारखी उभी राहते. प्रत्यक्ष उचल अनेक वर्षांत विखुरलेली असते. कामावरील खर्चात राज्याचा स्वतःचा हिस्साही मिसळलेला असतो. परतफेड तर प्रकल्प संपल्यानंतरही चालू राहते. चारही चित्रे खरी आहेत. परंतु एका चित्रात करार आणि शेजारच्या चित्रात खर्च दाखवून त्यांची तुलना केली, तर वाचकाची फसगत होते. आलेखाच्या शीर्षकात केवळ 'साहाय्य' असा शब्द न घालता 'मंजूर कर्ज', 'वर्षातील उचल' किंवा 'परतफेड वजा जाता निव्वळ रक्कम' असे स्पष्ट लिहावे. कर्ज आणि अनुदान यांना एकच रंग कदापि देऊ नये. शेतकऱ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रंगानेच मिळाले पाहिजे.

२. कोणते चलन?

दिनांक ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले व डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. त्या वर्षापलीकडे जाणारा साहाय्याचा आलेख रुपयांत काढल्यास, एक डॉलरही अधिक न येता स्तंभ दीडपटीहून उंच होतो. अशा ठिकाणी अवमूल्यनाच्या वर्षी उभी तुटक रेषा काढून तीवर कारण लिहावे, अथवा डॉलर व रुपया यांचे दोन स्वतंत्र आलेख द्यावेत. एकाच चौकटीत डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी मोजपट्टी देण्याचा मोह टाळावा. दोन रेषा कोठे छेदतात हे तेथे आलेख काढणाराच ठरवितो, आकडे ठरवीत नाहीत.

दीर्घ कालखंड असेल तर महागाईचाही विचार करावा. सर्व रकमा एका आधारभूत वर्षाच्या किमतीत आणाव्यात आणि ते वर्ष आलेखावरच नमूद करावे. आपले आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये, तर अमेरिकेचे ऑक्टोबरमध्ये सुरू होते. दोन्हीकडील आकडे एकाच स्तंभात घालण्यापूर्वी हा फरक पाहावा.

३. साहाय्य की नुकसानभरपाई?

दुसरे उदाहरण अधिक वेदनादायक आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीच्या वायुदुर्घटनेनंतर, फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर तडजोड होऊन युनियन कार्बाईडकडून ४७ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे ७१५ कोटी रुपये, ठरले. हा पैसा परदेशातून आला, म्हणून तो साहाय्याच्या आलेखात बसविणे सर्वथा अयोग्य होय. साहाय्य ही देणाऱ्याची इच्छा असते; नुकसानभरपाई हा घेणाऱ्याचा हक्क असतो. यांचे फलकच वेगळे असले पाहिजेत.

येथे चलनाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. वाटप चालू असताना उरलेली रक्कम डॉलरमध्ये राहिली. १९८९ मध्ये सुमारे १५ रुपये असलेला डॉलर २००४ मध्ये ४५ रुपयांच्या आसपास पोहोचला होता. त्यात व्याजाचीही भर पडली. परिणामी मोठे वाटप होऊनही शिल्लक सुमारे दीड हजार कोटी रुपये झाली, आणि २००४ मध्ये ती पीडितांनाच वाटण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. ७१५ आणि १,५०० असे दोन स्तंभ शेजारी उभे केले, तर दुप्पट पैसा नव्याने मिळाला असेच कोणासही वाटेल. वस्तुतः कंपनीने एक पैसाही अधिक दिलेला नव्हता.

तसेच, एकूण रकमेचा उंच स्तंभ डोळे दिपवितो. सुमारे ५ लाख ७४ हजार दावे मान्य झाले. मूळ ७१५ कोटी त्यांत भागले, तर सरासरी साडेबारा हजार रुपये येतात. ज्याच्या घरी रोज खोकल्याची उबळ येते, त्याच्या दृष्टीने हाच आकडा खरा. अर्थात सरासरीखाली मृत्यूचे व किरकोळ इजेचे दावे एकत्र दडतात. म्हणून वर्गवार स्तंभ द्यावेत हे उत्तम.

४. कोणती आकृती?

स्तंभालेखाची सुरुवात शून्यापासूनच करावी. समजा, दोन वर्षांची उचल २०० व २२० कोटी आहे. मोजपट्टी १८० पासून सुरू केल्यास दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट दिसतो. वाढ मात्र दशांशच आहे. विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये व्यापाराचे आकडे रेषांनी व स्तंभांनी मांडले. तेव्हापासून सरळ उंचीची तुलना हीच डोळ्यास सर्वांत सोपी ठरली आहे. वर्तुळाचे विभाग चार-पाचांहून अधिक करू नयेत. नाणी, पोती, इमारती यांची चित्रे काढावयाचीच असतील, तर एकाच आकाराच्या चित्रांची संख्या वाढवावी, आकार नव्हे.

संचित रकमेचा आलेख नेहमी चढताच असतो. उचल थंडावली तरी तो खाली येत नाही. प्रगती दाखविण्यासाठी तो सोयीचा वाटतो, आणि नेमक्या याच कारणास्तव त्याच्या सोबत वार्षिक आलेख द्यावा.

५. एकच रक्कम दोनदा नको

१९५६ च्या करारानुसार पी. एल. ४८० खाली आलेल्या अमेरिकी धान्याची किंमत भारताने रुपयांत भरली व ते रुपये येथेच साठले. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यांपैकी सुमारे १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश अमेरिकेने भारतास परत दिला. धान्य एकदा आणि त्याचेच रुपये पुन्हा एकदा मोजले, तर साहाय्य फुगते. ज्या रकमेचा उगम दुसऱ्या रकमेत आहे, ती निराळ्या स्तंभात न मांडता बाणाने जोडून दाखवावी.

फलक छपाईस पाठविण्यापूर्वी तो खात्याबाहेरील एखाद्या व्यक्तीस, शिपायास वा अभ्यागतास, दाखवून तीन प्रश्न विचारावेत : पैसा कोणाचा? परत करावयाचा की नाही? किती पट वाढला? उत्तरे तक्त्याशी जुळली तरच फलक लावावा. न जुळल्यास दोष पाहणाऱ्याचा नव्हे, आपला समजावा व चित्र पुन्हा काढावे.