कानबाई, हारिती आणि मिवाचा डोंगर

कामानिमित्त माझं जपानला जाणं-येणं असतं. मूळ गाव धुळ्याजवळ, संसार जळगावात. शिंतो हा जपानचा मूळचा देवधर्म. बौद्ध धर्म तिथं सहाव्या शतकात कोरियामार्गे पोहोचला. या दोघांचं नातं समजून घेता घेता मला खानदेशच नव्यानं दिसू लागला. त्यातलं काही इथं मांडतो.

१. देवाला देऊळ लागतंच असं नाही. नाराजवळच्या ओमिवा मंदिरात पूजेचा मंडप आहे, मागे गाभारा नाही. मंडपापलीकडे मिवा डोंगर उभा आहे आणि तोच देव. वर चढायचं तर आधी नाव नोंदवायचं, गळ्यात पांढरा पट्टा घालायचा. वर फोटो काढायचा नाही, काही खायचं नाही. तिथं मला साक्री-पिंपळनेरकडचा डोंगऱ्यादेव आठवला. मार्गशीर्षात कोकणा आणि भिल्ल गावांतले भक्त, म्हणजे माउली, व्रत धरतात, पावरीच्या सुरावर रात्र जागवतात आणि गडावर जातात. शिंतोला संस्थापक नाही, सर्वांनी मानावा असा एकच धर्मग्रंथ नाही. डोंगऱ्यादेवालाही नाही. तरी एकाची गणना जगातल्या धर्मांत होते आणि दुसऱ्याची नोंद जमातींच्या चालीरीतींत. हा फरक देवांनी केलेला नाही.

२. बाहेरून आलेला धर्म टिकतो तो आधीच्या देवांना जागा देऊन. हे जपानात वाचलं, पण पटलं अजिंठ्यात. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मुख्य गाभाऱ्यात बुद्ध आहेत, आणि उजवीकडच्या छोट्या देवघरात हारिती आणि तिचा नवरा पांचिक बसलेत. हारिती ही राजगृहाची यक्षीण, लोकांची लेकरं पळवून खाणारी. बुद्धांनी तिचं धाकटं पोर लपवलं, तेव्हा तिला इतर आयांचं दुःख कळलं, आणि ती लेकरांची राखणदारीण झाली. तिच्या मूर्तीखाली कोरलेली मुलं पाहा : काही गुरुजींपुढे बसलीत, काही मागे एडके झुंजवत दंगा करताहेत. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग लिहितो, की विहारांत हारितीला रोज नैवेद्य असे.

मला तिच्यात सटवाई दिसते. पाचवीला आपण जिची पूजा करतो, ती बाळाला जपते आणि तिची भीतीही वाटते. आमच्या आजीनं पाचवीची पूजा मांडताना कधी आवाज चढवला नाही. हारितीपुढे नैवेद्य ठेवणारे हातही असेच जपून वागत असतील. पुढे ती चीनमार्गे जपानला गेली, तिथं किशिमोजिन झाली. टोकियोत झोशिगाया भागात तिचं जुनं देऊळ आहे आणि आजही आया तिथं लेकरांसाठी हात जोडतात.

चाळीसगावच्या वरच्या रांगेत पितळखोरा आहे. तिथं सापडलेला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे : पोट सुटलेला, खुदकन हसणारा, डोक्यावर पात्र धरलेला. त्याच्या हातावर कोरलंय, की हा कान्हदास सोनारानं घडवला. कान्हदास नावाच्या माणसानं बौद्ध लेण्यासाठी यक्ष घडवावा, यात दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला काही वावगं वाटलेलं दिसत नाही.

३. प्रवासात देवांचं काम बदलतं. जपानच्या सात भाग्यदेवतांत तीन आपल्याकडून गेलेत. सरस्वती वीणेऐवजी तिथली बिवा घेऊन बेंझाइतेन झाली. कुबेर चिलखत घालून बिशामोन्तेन झाला. महाकाल दाइकोकुतेन झाला, तोही ओकुनिनुशी या शिंतो देवात मिसळून, भाताच्या पोत्यांवर उभा, हातात हातोडा, चेहरा हसरा. स्मशानाशी नातं सांगणारा महाकाल आणि हा गोंडस देव एकच, हे मला आधी खरं वाटेना. पण इत्सिंगनंच नोंदवलंय, की भारतातल्या विहारांत महाकाल स्वयंपाकघराजवळ बसवलेला असे. म्हणजे अन्नाची राखण त्यानं इथंच पत्करली होती. उरलेल्या चौघांतले दोन चीनच्या ताओ परंपरेतले, एक चिनी भिक्खू, आणि मूळचा जपानी फक्त एबिसू.

४. एका छताखाली राहणं वेगळं आणि बरोबरीनं बसणं वेगळं. इ. स. ७४९ मध्ये क्यूशूतल्या उसाहून हाचिमान या शिंतो देवाला नारा इथं आणलं, कारण तोदाइजी विहारातल्या महाबुद्धाच्या उभारणीला त्याचं पाठबळ हवं होतं. (त्या बुद्धाचे डोळे ७५२ मध्ये उघडले ते भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्खूनं.) हाचिमानला पुढे बोधिसत्त्व ही पदवीही मिळाली. मग सिद्धान्त रुजला, की मूळ सत्य बुद्ध आणि स्थानिक देव म्हणजे त्यांनी इथल्या लोकांसाठी घेतलेली रूपं. पंधराव्या शतकात योशिदा कानेतोमो या शिंतो पुरोहितानं ही उतरंड उलटी केली : शिंतो हे मूळ, चीनचे विचार फांद्या-पानं, भारताचा बौद्ध धर्म फुलं-फळं.

हे वाचल्यापासून आमच्या खानदेशी देवीबद्दल कुणी ‘कानबाई म्हणजे पार्वतीच’ असं सहज म्हणालं, की मी थांबतो. म्हणणाऱ्याला तिचा मान वाढवायचा असतो, हे मला कळतं. पण कानबाईला मोठं व्हायला पार्वतीची ओळख का लागावी?

५. जन्म आणि मरण यांची वाटणी करता येते. जपानी माणूस तान्ह्या बाळाला शिंतो मंदिरात नेतो, अंत्यसंस्कार बहुधा बौद्ध भिक्खूकडून करवतो. जुन्या घरांत देवांची फळी वेगळी, पितरांचं देवघर वेगळं. उन्हाळ्यातल्या ओबोनला पितर घरी येतात. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात, वर डांगर ठेवतात, आणि त्याच अंगणात माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात. पितर आणि लेकी एकाच दिवशी घरी. ओबोनच्या नाचाभोवती उभं राहिल्यावर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

६. देव वेगळे करताना कोण वेगळे करतंय, हे पाहावं. १८६८ मध्ये मेइजी सरकारनं शिंतो आणि बौद्ध वेगळे करण्याचे हुकूम काढले. मंदिरांतून बुद्धमूर्ती हलवल्या, घंटा उतरवल्या. कित्येक ठिकाणी तोडफोड झाली. नाराच्या कोफुकुजी विहारातले भिक्खू शेजारच्या कासुगा या शिंतो मंदिरात पुजारी झाले. क्योतोतल्या गिओन मंदिरातला गोझू तेन्नो हा श्रावस्तीच्या जेतवनाचा रक्षक मानला जाई. त्याची जागा सुसानोओ या शिंतो देवाला दिली आणि मंदिराचं नाव यासाका झालं. शेकडो वर्षांचा शेजार सरकारी कागदानं मोडला. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण एवढ्यावरून ‘धर्म मिसळलेलेच बरे’ असं मी म्हणू शकत नाही. धुळ्याजवळ लळिंगचा लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्यात आले, तेव्हा ते इथं गेले होते. दर वर्षी त्या दिवशी माणसं तिथं जमतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. जुन्या देवांची पूजा करणार नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. वरवर हेही देव आणि बुद्ध वेगळे करणं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे : क्योतोत सत्तेनं लोकांचे देव हलवले, इथं देवळाच्या पायरीवर ज्यांना चढू दिलं नव्हतं, त्या लोकांनी स्वतः पाठ फिरवली. गावातल्या ज्या एकोप्याचं मी कौतुक करतो, त्यात त्यांची जागा वेशीबाहेर होती. म्हणून मिसळणीचं गुणगान मी आता पाहुण्यासारखं करत नाही. कुणाच्या खर्चानं ती टिकली, हे आधी विचारतो.

७. काही देव प्रवासाला निघतात, काही हलत नाहीत. हारिती, सरस्वती, महाकाल गेले, कारण त्यांना नेणारे भिक्खू, ग्रंथ आणि व्यापारी वाटा होत्या. कानबाई खानदेशातच राहिली. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती नारळाच्या रूपात बसते, सोमवारी नदीवर जाते, आणि मुठीनं मोजलेल्या गव्हाचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. त्यासाठी सुरत, पुणे, मुंबईहून माणसं गावी येतात. आजी म्हणायची, ‘देव तठेच ऱ्हास, आपन जातस.’

गेल्या वर्षी ओसाकात राहणाऱ्या पुतण्यानं विचारलं, ‘काका, मी इथं कानबाई बसवली तर चालेल?’ भाऊबंदांत बरीच चर्चा झाली. थोरल्या काकूंचं म्हणणं, रोट वाटून खायला माणसं नाहीत तिथं ती कशी बसेल? धाकटे म्हणाले, सुरतेत लोक बसवतातच की. मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि पुतण्याला जसंच्या तसं कळवलं. तो सध्या श्रावणात रजा मिळते का ते पाहतोय.