छोटी लूप अँटेना : जुळवणी आणि जोडणी

रेडिओ क्लबात नवीन येणारा प्रत्येक कॅडेट एकच प्रश्न विचारतो : एवढ्याशा कड्यातून संदेश शेकडो किलोमीटर कसा जातो? १४.२ मेगाहर्ट्झवर तरंगलांबी साधारण २१ मीटर असते. अर्ध्या तरंगलांबीची साधी अँटेना करायची तर सुमारे १० मीटर तार दोन उंच आधारांमध्ये ताणावी लागते. ७.१ मेगाहर्ट्झला त्याच्या दुप्पट. हाऊसच्या गच्चीवर एवढी जागा नाही, आणि शिबिरात झाड हवे तिथेच मिळेल असे नाही. म्हणून छोटी लूप शिकण्यासारखी आहे. सैन्याशी तिचे जुने नाते आहे. १९६७ साली अमेरिकी लष्करातील केनेथ पॅटरसन यांनी तुकडे सुटे करून नेता येणाऱ्या अष्टकोनी लूपची माहिती प्रसिद्ध केली. हौशी रेडिओवाले तिला आजही ‘आर्मी लूप’ म्हणतात.

रचना

तांब्याच्या जाड नळीचे एक कडे घ्या. ते एका जागी तोडून त्या फटीत फिरता कपॅसिटर बसवा. झाली लूप. कड्याचा परीघ तरंगलांबीच्या चौथ्या भागापेक्षा कमी असेल तरच तिला ‘छोटी’ म्हणतात. कडे म्हणजे एका वेढ्याची कॉइल, आणि कॉइल व कपॅसिटर मिळून अनुनादी मंडल होते, हे आपण भौतिकशास्त्रात शिकतोच. आपण ज्या वारंवारतेवर बोलणार, तिथे हा अनुनाद आणणे म्हणजे जुळवणी.

जुळवणी

व्यास १ मीटर आणि नळी २२ मिलिमीटर जाडीची धरली, तर १४.२ मेगाहर्ट्झला सुमारे ५१ पिकोफॅरड लागतात. ७.१ मेगाहर्ट्झला, म्हणजे निम्म्या वारंवारतेला, चौपट म्हणजे सुमारे २०५. म्हणून २० ते २५० पिकोफॅरडचा एकच कपॅसिटर दोन्ही पट्ट्यांना पुरतो.

अडचण पुढे आहे. ही लूप १४.२ मेगाहर्ट्झवर एका वेळी जेमतेम १८ किलोहर्ट्झचा पट्टा धरते. त्याबाहेर गेलात की पुन्हा जुळवणी. हा कपॅसिटर अर्ध्या फेरीत २३० पिकोफॅरड बदलतो, म्हणजे एका अंशाला सव्वा पिकोफॅरडहून थोडे जास्त. १८ किलोहर्ट्झ सरकायला मात्र फक्त ०.१३ पिकोफॅरड पुरे, म्हणजे एका अंशाचा दहावा भाग! नुसत्या बोटांनी हे जमत नाही. गिअर लावून वेग कमी केलेली छोटी मोटर किंवा सावकाश फिरणारी मूठ हवीच. दांडा प्लास्टिकचा आणि लांब हवा, कारण हात जवळ नेला तरी जुळवणी सरकते.

क्रम असा ठेवावा. आधी फक्त ऐकायचे. कपॅसिटर हळूहळू फिरवताना एका जागी खरखर एकदम वाढते. तो अनुनाद. मग कमीत कमी शक्तीवर प्रक्षेपण करून एसडब्ल्यूआर मीटर पाहत शेवटचा केसभर फरक काढायचा. प्रक्षेपण परवान्याशिवाय करता येत नाही. आमच्याकडे ते परवानाधारक उस्ताद, म्हणजे सिग्नल्समधून निवृत्त झालेले सुभेदार साहेब, करतात. मी मोटर चालवतो आणि मीटर वाचून सांगतो.

जोडणी

सेटची कोअ‍ॅक्स केबल मोठ्या कड्याला जोडायचीच नाही. मोठ्या व्यासाच्या पाचव्या भागाएवढे, म्हणजे २० सेंटिमीटरचे, छोटे कडे करून केबलची दोन टोके त्याला जोडायची. हे छोटे कडे मोठ्याच्या आत, कपॅसिटरच्या बरोबर समोरच्या बाजूला ठेवायचे, कारण तिथे व्होल्टेज सर्वांत कमी असते. ट्रान्सफॉर्मरप्रमाणे शक्ती चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. अनुनाद बरोबर असूनही एसडब्ल्यूआर खाली येत नसेल, तर छोटे कडे थोडे दाबून लांबट करावे किंवा किंचित वळवावे. आधी कपॅसिटर, मग छोटे कडे. दोन्ही एकदम हलवले तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

तोटा कुठे होतो

लूपची खरी परीक्षा इथे आहे. जो रोध शक्तीला लहरींच्या रूपात बाहेर पाठवतो, तो प्रारण रोध. आपल्या १ मीटरच्या लूपचा हा रोध १४.२ मेगाहर्ट्झला अवघा ०.०९७ ओहम आहे, आणि तांब्याचा तोट्याचा रोध ०.०४५. म्हणजे १०० भागांतील ६८ भाग बाहेर जातात, बाकीचे नळी तापवतात. ७.१ मेगाहर्ट्झला प्रारण रोध सोळा पटींनी घटतो आणि कार्यक्षमता १६ टक्क्यांवर येते. दहा वॉट दिले तर दीड वॉटच्या आसपास बाहेर जाणार. व्यास २ मीटर केला की त्याच वारंवारतेला ती ६० टक्के होते.

आमच्या क्लबाला डोंगरातल्या शिबिरासाठी ७.१ मेगाहर्ट्झची लूप करायची आहे. तिथे मोबाइलला रेंज नसते, आणि कोणी जखमी झाले तर संदेश याच मार्गाने जाईल. म्हणून आम्ही दोन पर्याय मोजले. पहिला पर्याय २२ मिलिमीटर नळीचे आठ तुकडे, न्यायला सोपे. पण प्रत्येक सांध्याने ०.०१ ओहम जरी खाल्ला तरी ६० टक्क्यांचे ४० होतात. दुसरा पर्याय एसीच्या दुकानात गुंडाळी मिळते तो १६ मिलिमीटरचा मऊ कॉपर पाइप, अखंड. तो बारीक असूनही ५३ टक्के देतो. नेताना त्याचे वेटोळे सांभाळावे लागेल, पण मी अखंड पाइपच्या बाजूने मत दिले आहे. कपॅसिटरलाही हाच नियम. जुन्या रेडिओतला दोन भागांचा गँग घेतला तर नळीची टोके दोन्ही स्थिर भागांना जोडावीत, म्हणजे प्रवाह घासणाऱ्या पत्तीतून जात नाही. मात्र त्याच्या पाती फार जवळ असतात, म्हणून तो एक-दोन वॉटपुरताच वापरावा.

सुरक्षितता

पालकांनी हा भाग जरूर वाचावा. १ मीटरच्या लूपला १४.२ मेगाहर्ट्झवर फक्त १० वॉट दिले तरी कपॅसिटरवर सुमारे १८०० व्होल्ट येतात. १०० वॉटला ५८०० च्या आसपास. प्रक्षेपण चालू असताना नळीला हात लावला तर भाजते. म्हणून आमचा नियम असा : लूपभोवती दोरी, दोरीच्या आत कोणी नाही, आणि ‘सेट बंद’ असा आवाज आल्याशिवाय कोणीही पुढे जायचे नाही.

शेवटी दिशेबद्दल. उभी लूप कड्याच्या प्रतलात दोन्ही बाजूंना पाठवते आणि कड्याच्या तोंडासमोर जवळजवळ गप्प असते. त्यामुळे लांबचे स्टेशन कड्याच्या रेषेत धरावे आणि खरखर करणारा जनरेटर तोंडासमोर. सिग्नल्सचे ब्रीद ‘तीव्र चौकस’ आहे. लूप आपल्याला चौकस राहायला शिकवते, कारण इथे ओहमच्या शंभराव्या भागालाही किंमत आहे. रविवारी क्लबात या, मोटरची मूठ तुमच्या हाती देऊ.