परवलीचा शब्द आणि काउंटरवरील वही

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरावयाचा, म्हणून वडिलांनी मला तालुक्याच्या गावी एका दुकानात नेले. दुकानदाराने माझ्या नावापुढे १२३ लावून पासवर्ड केला, ओटीपीसाठी स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकला आणि सारे काउंटरवरील वहीत लिहून ठेवले. त्या वहीत आमच्या गावच्या कितीतरी मुलामुलींची नावे होती, आणि प्रत्येकापुढे १२३! दुसऱ्या वर्षी नूतनीकरणास गेले तो दुकान बंद. माझा ओटीपी कुणाच्या खिशात वाजत होता कोण जाणे. क्रमांक बदलून घेण्यात अकरा दिवस गेले. अर्ज शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी कसाबसा गेला. त्यानंतर या विषयावर जे वाचले ते येथे मांडीत आहे.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेकांना काम करता येईल अशी व्यवस्था करून दाखविली. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून तीत परवलीचे शब्द आले. १९६२ साली ॲलन शेर या विद्यार्थ्याने, वाट्यास आलेला वेळ पुरेना म्हणून, सर्वांच्या शब्दांची यादीच छापून घेतली. म्हणजे काउंटरवरची वही तेथेही होतीच!

यावरील तोड रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांच्या १९७९ मधील लेखात वाचावयास मिळते. शब्द जसाच्या तसा ठेवू नये. गणिती क्रियेने त्याचे पीठ करून ठेवावे. पिठाचे पुन्हा जोंधळे होत नाहीत. आपण शब्द टाइप केला की तोही दळला जातो आणि पिठाशी पीठ ताडून पाहिले जाते. मग चोराला उरते एवढेच, की अंदाजाने एकेक शब्द दळीत बसावे. तो आधी कोणते दाणे घेतो? २००९ साली रॉकयू या कंपनीकडून तीन कोटींहून अधिक पासवर्ड चोरीस गेले, तेही न दळलेले. त्यांत सर्वांत जास्त जणांचा होता १२३४५६.

येथे थोडे गणित. चार आकडी पिन १०,००० प्रकारचे होतात. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे सुमारे २०,८८३ कोटी. आणि पुढे प्रत्येक अक्षरागणिक ही संख्या २६ पट होते. जन्मतारीख मात्र आठ आकडी दिसली तरी शंभर वर्षांत दिवस ३६,५२५च! म्हणून चिन्हांच्या कसरतीपेक्षा लांबी बरी. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहावेत. (विळा-तबला-जांभूळ-पोस्टमन हे सुचले होते, पण छापले म्हणजे निकामी झाले.)

एकच शब्द सगळीकडे वापरू नये. एका दाराची किल्ली मिळाली की चोर ती इतर दारांनाही लावून पाहतो. ईमेलचा शब्द तर सर्वांत जपावा, कारण बाकीचे पासवर्ड बदलण्याची वाट बहुधा तेथूनच जाते. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. फसलोच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.

शब्द लिहून ठेवू नये असे पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. माझा कागद आईच्या ट्रंकेत, रेशनकार्डाखाली आहे.